त्याच्या ट्रंकेत ठेवलेल्या बाटल्या

गेल्या उन्हाळ्यात आमच्या रविवारच्या बैठकीला एक नवा माणूस आला. नुकताच पेन्शनवर आलेला, चाळिशीच्या आतबाहेरचा, केस अजून फौजी पद्धतीने कापलेले. बदलापूरला त्याने फ्लॅट घेतला होता आणि बायको त्या फ्लॅटमधून माहेरी निघून गेली होती. दुसऱ्या रविवारी तो उभा राहिला, हात पाठीमागे बांधले आणि म्हणाला, "साहेब, मी दारू सोडली. त्या ड्रायव्हरसारखं माझं होणार नाही."

"कोणत्या ड्रायव्हरसारखं?" मी विचारलं. ठाऊक होतं, तरी विचारलं.

"तोच, तुम्ही एवढं केलंत ज्याच्यासाठी. आणि त्याने नियम मोडून कँटीनमधून बाटल्या उचलल्या. हवालदारसाहेबांनी सांगितलं मला."

खोलीतल्या लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. सवयीने. घरी जाताना रिक्षात बसल्यावर आपण काय केलं ते माझ्या लक्षात आलं.

तो ड्रायव्हर उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहतो. बाटल्या त्याने उचलल्या हे खरं आहे. पण त्या मी उचलायला लावल्या होत्या, माझ्यासाठी. ही गोष्ट आमच्या दोघांच्या बायका सोडल्या तर कोणाला माहीत नव्हती. म्हणून हे लिहितो आहे.

मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो. तो माझ्याच कंपनीत गाडी चालवायचा. हुद्द्याने नाईक, म्हणजे माझ्या बराच खाली. साताऱ्याकडचा. बर्फातल्या ठाण्यांवर त्याने माझी गाडी अशा रस्त्यांवरून नेली आहे की आज आठवलं तरी पाय आपोआप ब्रेक दाबतो. तिथे संध्याकाळी रम मिळायची. थंडी असायची, घर लांब असायचं, आणि ती घेण्यात काही वावगं आहे असं कोणाला वाटत नसे. आम्हा दोघांनाही ती तिथेच लागली. फरक एवढाच की फौजेत पिण्याला वेळ होती आणि माप होतं. घरी आल्यावर वेळही गेली आणि मापही गेलं.

निवृत्तीनंतर मी अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात सुरक्षा अधिकारी झालो. तो एका कंपनीची कामगारांची बस चालवू लागला. मी सकाळीच घेऊ लागलो होतो. एकदा गेटवर पडलो, गणवेशात, पहिल्या पाळीच्या कामगारांसमोर. त्यानंतर बायकोने मला व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन ठेवलं. मी बाहेर आल्यावर काही महिन्यांनी त्याची बायको त्याला घेऊन माझ्याकडे आली. "साहेब, तुमचं ऐकतील हे," म्हणाली. ते खरं होतं. तो माझं ऐकायचा. तेव्हा मला त्यात अभिमान वाटला.

केंद्रातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की दारू सोडलेल्यांच्या सभेला जात जा. आम्ही दोघं गेलो एकदा. गोल मांडलेल्या खुर्च्या, एक रिक्षावाला, एक बँकेतला कारकून, एक कापडवाला शेठ. प्रत्येकजण उठून आपलं सांगत होता, आणि सांगताना रडतही होता. माझी पाळी आल्यावर मी म्हणालो, "मी ठीक आहे." ड्रायव्हरही म्हणाला, "मी पण ठीक." बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, "सिव्हिलियनसमोर आपल्याला जमायचं नाही." तो म्हणाला, "जी साहेब."

मग आम्ही आमची वेगळी बैठक सुरू केली. अंबरनाथला पूर्वेला ओळखीच्या सोसायटीच्या कार्यालयाची खोली मिळाली. हळूहळू आठदहा फौजी जमले. ती बैठक चांगली होती हेही नोंदवलं पाहिजे. तिथे येऊन काही माणसं वाचली आहेत. आपल्यासारखाच कोणी थंडीतल्या पहिल्या घोटाबद्दल बोलला की ऐकणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही.

पण एक गोष्ट आम्हाला दिसलीच नाही. पहिल्याच रविवारी पंख्याखालची खुर्ची माझी झाली. माझ्या उजव्या हाताला हवालदार, मग नाईक, मग शिपाई. कोणी ठरवलं नव्हतं. आपोआप बसलो तसे. मी आलो की सगळे उठायचे. मी आधी बोलायचो. चहा आणायचा तो सगळ्यांत धाकट्या हुद्द्याच्या माणसाने. त्यात ड्रायव्हर माझा जुना माणूस, त्यामुळे त्याच्याहून खालचे आले तरी किटली त्याच्याच हातात राहिली. लोकांना बरं वाटायचं. फौजेतून बाहेर पडल्यावर पहिल्यांदाच आपण कुठे बसायचं ते कळलं, असं एकजण म्हणाला होता.

बैठकीचा नियम एकच होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: माजी सैनिकाला लष्कराच्या कँटीनमधून कार्डावर दर महिन्याला ठरावीक बाटल्या मिळतात, बाजारापेक्षा बऱ्याच स्वस्त. साबण, तेल, बिस्किटं, कुकरही मिळतो. पण शेजाऱ्यापाजाऱ्यांना आठवतो तो कोटा. गटारी जवळ आली की ज्याने वर्षभर तोंड बघितलं नाही तो जिन्यात खांद्यावर हात टाकतो, "काय मेजरसाब, आहे ना आमची आठवण?" सोडलेल्या माणसालाही सुटका नाही. उलट लोक म्हणतात, "तू पीत नाहीस ना आता? मग तुझ्या वाटणीची आम्हाला दे." म्हणून आमचा नियम: कार्डावर साबण घ्या, तेल घ्या, बाटली उचलायची नाही. स्वतःसाठी नाही, दुसऱ्यासाठी तर नाहीच. हा नियम मीच घातला होता.

माझ्या मुलीचं लग्न बदलापूरजवळच्या एका गावात ठरलं. माणसं चांगली, शेती विकून आता बांधकामाचा धंदा करणारी. बोलणी संपल्यावर व्याही हसत हसत म्हणाले, "आमच्यात हळदीला पाहुण्यांची सोय बघावी लागते, साहेब. तुमच्याकडे काय, फौजीचं घर! चिंताच नाही." दोन्हीकडची हळद एकाच मांडवात करायची ठरली होती. त्यांचे भाऊबंद हसले. मीही हसलो. 'मी सोडली आहे आणि माझ्या हातून बाटली येणार नाही,' एवढं वाक्य मला म्हणता आलं नाही. मुलीचं सासर. त्या घरात तिला उभं आयुष्य काढायचं होतं, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढच्या रविवारी बैठक संपली. ड्रायव्हर मोरीवर चहाचे ग्लास विसळत होता. मी त्याच्याजवळ गेलो.

"तुझ्या कार्डावरचं पडूनच असेल ना?"

"जी साहेब."

"या महिन्याचं उचल. पुढच्या महिन्याचंही."

त्याच्या हातातला ग्लास तसाच राहिला. "साहेब, आपला नियम..."

"नियम पिणाऱ्यासाठी आहे. तू थोडाच पिणार आहेस? हळदीच्या पाहुण्यांसाठी आहे."

"जी साहेब."

"आणि हळदीपर्यंत तुझ्याकडेच असू दे. मी बायकोला शब्द दिलाय, घरात बाटली यायची नाही."

"जी साहेब," तो म्हणाला आणि उरलेले ग्लास विसळू लागला.

माझं कार्ड कोरं राहिलं. माझं घरही. नुकतीच सोडलेल्या माणसाच्या दोन खोल्यांमध्ये मी महिनाभर रम ठेवली आणि आपला शब्द पाळला.

पुढचं मला त्याच्या बायकोकडून कळलं, तेही उशिरा. ती घरी जीन्सचे धागे कापायचं काम करते. कारखान्यातून शिवलेल्या पँटींचे गठ्ठे येतात, लोंबणारे धागे कापून परत द्यायचे. त्यांच्याकडे त्याची फौजेतली काळी लोखंडी ट्रंक होती. तिच्यातले कपडे काढून त्याने बाटल्या भरल्या, कुलूप लावलं आणि किल्ली बायकोच्या हातात दिली. "मी मागितली तरी देऊ नको," म्हणाला. ट्रंक खाटेखाली होती. त्या खाटेवर तो झोपला नाही. बाटल्या घरात होत्या तोवर तो माळ्यावर झोपत होता, जीन्सच्या गठ्ठ्यांवर. रोज कामावरून आला की वाकून कुलूप ओढून बघायचा. किल्ली मात्र त्याने एकदाही मागितली नाही.

हळदीच्या दिवशी दुपारी तो ट्रंक घेऊन टेम्पोतून मांडवात आला. सगळ्या बाटल्या सीलबंद. त्याने झाकण उघडून मला दाखवलं, जसं गाडी जमा करताना दाखवतात.

"शाब्बास," मी म्हटलं. "जेवून जा."

"नको साहेब. निघतो."

मांडवातून बाहेर जाताना तो व्याह्यांच्या भाऊबंदांच्या मधून गेला. त्यांनी पहिली बाटली तेव्हाच उघडली होती. कोणीतरी त्यालाही ग्लास पुढे केला. त्याने हात जोडले आणि पुढे गेला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्याच्यावर सोपवलेलं काम संपेपर्यंत त्याने एक थेंब घेतला नाही. मग कॅम्प चारमध्ये, घरापासून हाकेच्या अंतरावर, देशीच्या दुकानात शिरला.

तो दुकानात प्याला, माझ्या बाटलीतली प्याला नाही, हे मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो.

दोन रविवार तो आला नाही. तिसऱ्या रविवारी आला तेव्हा वास येत होता. बसची नोकरी त्याच आठवड्यात गेली होती. सगळे बसल्यावर हवालदार म्हणाला, "साहेब, एक बोलायचं आहे. ह्याला मी कँटीनच्या लाइनीत बघितलाय. दोन्ही महिने. बाटल्या उचलल्या ह्याने." मग त्याच्याकडे वळून, "काय रे, खोटं आहे का?"

ड्रायव्हर उभा राहिला. "खरं आहे," म्हणाला.

"कोणासाठी उचलल्यास?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी त्याला बोल म्हणालो असतो तरी तो बोलला नसता, असं मला वाटतं. मी बोललो असतो तर मात्र गोष्ट तिथेच मिटली असती. मी म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखा आहे. काही दिवस येऊ नकोस."

"जी साहेब," तो म्हणाला. किटली कपाटात ठेवली आणि गेला.

त्याच आठवड्यात त्याची बायको माझ्या घरी आली. आत बोलावलं तर दारातच उभी राहिली. माझ्या बायकोला म्हणाली, "ताई, हळद चांगली झाली ना? पाहुणे खूश?"

"झाली हो. तुम्ही का नाही आलात?"

"आमची ट्रंक आली होती की. ती न्यायला आले."

ट्रंकेत माझ्या बायकोने लग्नातल्या सतरंज्या भरून ठेवल्या होत्या. मी त्या काढल्या. रिक्षा करून देतो म्हटलं, तर ती म्हणाली, "तुमची सोय झाली ना साहेब? बास मग." रिकामी ट्रंक डोक्यावर घेऊन ती जिना उतरली. मग बायकोने मला विचारलं, "तुम्ही त्यांच्या घरात ठेवल्या होत्या?" मी हो म्हटलं. तिने मला जेवायला वाढलं. पण त्या सतरंज्या तिने कोणाला तरी देऊन टाकल्या.

त्यानंतर त्याची तीनचार वर्षं वाईट गेली. मला ते कानावर यायचं. मी गेलो नाही. बैठक वाढली. एका कार्यक्रमात मला शाल आणि श्रीफळ मिळालं. नव्या माणसाला समजावताना हवालदार ड्रायव्हरचं उदाहरण द्यायचा. आधी नाव घेऊन द्यायचा, मग नुसतं 'तो ड्रायव्हर'. मी पंख्याखाली बसून ऐकायचो.

गेल्या उन्हाळ्यातल्या त्या रविवारनंतर मी कॅम्प चारला गेलो. गल्ली सापडायला वेळ लागला. जिथे एक मजली घरं होती तिथे इमारती आल्या आहेत. त्याचं घर तेच. दारात निळ्या पँटींचा ढीग, त्यापलीकडे ती, हातात छोटी कात्री. मला बघून ती उठली नाही.

"या साहेब. चष्मा लागला तुम्हाला," म्हणाली आणि आत हाक मारली, "अहो, तुमचे साहेब आलेत."

तो बाहेर आला. केस पांढरे, अंगाने भरलेला, चेहरा स्वच्छ. आता पाण्याचा टँकर चालवतो, जांभूळ गावाच्या बाजूला. "फौजेत रम वाहिली, आता पाणी वाहतो," म्हणाला. दारू सुटून बरीच वर्षं झाली होती. कशी सुटली विचारलं, तर त्याने गल्लीच्या टोकाला असलेल्या शाळेकडे बोट केलं. तिथे संध्याकाळी सभा भरते. आम्ही दोघं एकदा गेलो होतो तसली, सगळ्यांची.

"पहिल्या दिवशी गेलो," तो म्हणाला, "तर चहा आला. मी उठलो वाटायला, सवय ना. एक सिंधी शेठ होता बाजूला, कापडवाला. त्यानं हात धरून खाली बसवलं. 'बैठो साईं, इधर कोई किसी का नौकर नहीं.' मला कसंतरीच झालं, साहेब. चहा गेलाच नाय त्या दिवशी घशाखाली."

"त्या शेठचं अजून काय चाललंय ते पण सांगा," ती म्हणाली.

"काय चालणार? दर वेळी चहा मलाच आणायला सांगतो. मी म्हणतो, तू आण. मग तो आणतो."

तिने तोंड खाली घालून धागा कापला, पण ती हसत होती.

मग मी बोललो. बैठकीत काय सांगितलं जातं ते त्याला सांगितलं. माझ्या वाईट वागण्यासाठी मी ज्या सबबी शोधून ठेवल्या होत्या त्या सांगायच्या नाहीत असं ठरवून गेलो होतो. जेवढं झालं तेवढंच सांगितलं. तो ऐकत होता. शेवटी मी म्हटलं, "येत्या रविवारी मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. तू ये. माझ्या शेजारी बस. तुझ्यासमोर सांगतो."

"नाय साहेब," तो म्हणाला.

मला वाटलं त्याला नीट कळलं नाही. "अरे, तुझं नाव साफ करायला..."

"कळलं मला. तुम्ही सांगा. मी येणार नाय."

"एकदाच ये. माझ्यासाठी."

आत कात्रीचा आवाज थांबला होता. तो माझ्याकडे बघत होता, खाली नाही.

"तुमच्यासाठी म्हणूनच नाय," तो म्हणाला. "तुम्हाला सांगायचंय, तुम्ही जा, सांगा. मला त्या खोलीत परत उभं नाय राहायचं. त्या दिवशी मोरीवर असंच म्हणायला पाहिजे होतं मी. नाय जमलं. आता जमतंय, तर जमू द्या."

कात्री पुन्हा चालू लागली. तिने चहा केला, मी घेतला. निघताना तो मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला नाही. दारात उभा राहून म्हणाला, "सांभाळून जा. गटार उघडं आहे पुढे."

त्या रविवारी मी लवकर गेलो. खुर्च्या गोल मांडायचा प्रयत्न केला, पण खोली लांबट आहे, गोल काही होईना, वेड्यावाकड्या मांडल्या. लोक आले आणि कुठे बसावं ते न कळून दारात घोटाळले. "साहेब, इन्स्पेक्शन आहे का?" कोणीतरी विचारलं. पंख्याखाली त्या नव्या माणसाला बसवलं. तो खुर्चीच्या कडेवर बसला.

मी सांगितलं. हळद, कार्ड, ट्रंक, मोरीवरचं बोलणं, आणि हवालदाराने विचारलं तेव्हा मी काय म्हणालो ते. ड्रायव्हर आला नाही आणि का आला नाही, तेही सांगितलं. हवालदार म्हणाला, "साहेब, जुनी गोष्ट आहे. जाऊ द्या. तुम्ही काय मुद्दाम केलंत?"

"मुद्दाम केलं," मी म्हटलं. "तो नाही म्हणणार नाही हे मला माहीत होतं. म्हणून तर त्यालाच सांगितलं."

हवालदार जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी इतकी वर्षं त्याच्या नावाने..."

नव्या माणसाने मला विचारलं, "साहेब, मग उद्या तुम्ही मला काही सांगितलंत आणि मला ते जमणार नसेल, तर?"

"तर नाही म्हणायचं."

"तुम्हाला?"

"मला."

मग चहाची वेळ झाली. सवयीने सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे गेले, हुद्द्याने आता तोच सगळ्यांत खालचा होता. मीही, आताच एवढं सगळं बोलून, म्हणालो, "जरा किटली घे रे."

तो अर्धा उठला. मग परत बसला. कान लाल झाले होते.

"नाही साहेब," तो म्हणाला. "आज तुम्ही आणा."

कोणीतरी हसलं आणि हसू दाबलं. मी कपाट उघडून किटली घेतली. खालच्या टपरीवाल्याने मला इतक्या वर्षांत कधी चहा न्यायला आलेलं पाहिलं नव्हतं. त्याने विचारलं, "साब, आज आप?" मी म्हटलं, हो, आणि किती कप लागतात ते मला सांगता येईना. पुन्हा वर जाऊन माणसं मोजून यावं लागलं.